जागा तुमची, गाडी परक्याची: खासगी आवारात पडून असलेली बेवारस कार कायद्याने कशी हटवावी

सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये), रिकाम्या प्लॉटच्या कुंपणाआत किंवा भाड्याने दिलेल्या गॅरेजात वर्षानुवर्षे पडून असलेली गाडी हलवायची म्हटलं की लोक आधी ट्रॅफिक पोलिसांना फोन करतात. तिकडून उत्तर येतं, ‘खासगी जागा आहे, आम्हाला उचलता येत नाही.’ हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं, पण कायद्याने ते बरोबर असतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली गाडी टो करायची परवानगी गणवेशातला पोलीस देऊ शकतो. सार्वजनिक ठिकाण कशाला म्हणायचं ते कलम २(३४) मध्ये आहे: जिथे जायचा जनतेला हक्क आहे अशी जागा. गेट, वॉचमन आणि ‘विनापरवाना प्रवेश बंद’ची पाटी असलेलं आवार त्यात बसत नाही. महापालिकेच्या बेवारस वाहनांच्या मोहिमाही रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच असतात.

म्हणून खासगी जागेतल्या गाडीचा मार्ग वेगळा आहे. तो कळायला एक गोष्ट मनात पक्की असावी लागते: गाडी तुमच्या जागेत दहा वर्षं उभी राहिली म्हणून ती तुमची होत नाही. ती बाहेर काढायचे रस्ते तीनच. मालकाच्या (किंवा त्याच्या जागी आलेल्या बँकेच्या, विमा कंपनीच्या, वारसाच्या) सहीने, पोलिसांनी ताब्यात घेऊन, किंवा न्यायालयाच्या आदेशाने. चौथा रस्ता भंगारवाल्याचा. तो सगळ्यात स्वस्त दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो.

आधी काय करायचं नाही

भंगारवाल्याला गाडी देऊ नका. दुसऱ्याची वस्तू संमतीशिवाय हलवून लबाडीने विकणं भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ३०३ खाली चोरी ठरू शकतं. ‘मला ती सापडली होती’ हा बचाव कलम ३१४ मध्ये अडतो. सापडलेली वस्तू जपण्यासाठी किंवा मालकाला परत देण्यासाठी ठेवली तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे माहीत असताना, किंवा शोधायचं साधन हाती असताना, ती स्वतःच्या उपयोगाला लावली तर गुन्हा आहे. गाडीवर नंबर प्लेट असते आणि तो नंबर सरकारी नोंदीत असतो, त्यामुळे मालक शोधायचं साधनच नव्हतं असं गाडीच्या बाबतीत म्हणता येत नाही.

दुसरा धोका नंतर समजतो. अनधिकृत भंगारात गेलेल्या गाडीची नोंदणी सरकारी दफ्तरात चालूच राहते. तिची आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) आणि चेसिस नंबर (सांगाड्यावर कोरलेला गाडीचा ओळख क्रमांक) असलेला तुकडा चोरीच्या दुसऱ्या गाडीवर चढू शकतो. ती गाडी पकडली गेली की तपास उलट दिशेने तुमच्या गेटपर्यंत येतो.

गाडी ढकलून रस्त्यावर नेऊन ठेवू नका. ‘रस्त्यावर गेली की महापालिका उचलेल’ हा सल्ला फार चालतो. पण परवानगीशिवाय गाडी हलवणारे तुम्हीच, आणि त्याचा पुरावा तुमच्याच सीसीटीव्हीत. टायरची हवा काढणं, आरसे फोडणं, चाकं खोलणं हेही नकोच, नुकसान केल्याचा गुन्हा (कलम ३२४) उलट तुमच्यावर येईल. आणि जॅमर लावणाऱ्यांनी एकदा विचार करावा: जी गाडी जावी अशी इच्छा आहे, तिलाच आपण जखडून ठेवतोय.

दार उघडं असलं तरी आत शिरू नका, काचेतून पाहा. नंतर मालक उगवला तर ‘डॅशबोर्डच्या कप्प्यात दागिने होते’ या वाक्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. अपवाद धोक्याचा: पेट्रोलचा वास, इंधनाची गळती, सीएनजीचा संशय. तेव्हा १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा.

पायरी १: गाडीची फाईल तयार करा

एक दिवस फक्त नोंदीसाठी ठेवा. चारही बाजूंनी फोटो, नंबर प्लेट पुढची आणि मागची (दोन्ही जुळतात का ते बघा, न जुळणं हीच पोलिसांकडे जायची पुरेशी सबब आहे), आणि गाडी नेमकी कुठे आहे ते दाखवणारा एक लांबून काढलेला फोटो, ज्यात इमारत किंवा कुंपण ओळखू येईल.

मग गाडी काय सांगते ते वाचा. पुढच्या काचेवरच्या फास्टॅगवर तो देणाऱ्या बँकेचं नाव छापलेलं असतं. दाराच्या कडेला किंवा काचेच्या कोपऱ्यात सर्व्हिसिंगचा स्टिकर असेल तर गॅरेजचं नाव, शेवटची तारीख आणि किलोमीटर मिळतात. जुन्या सोसायटीचा किंवा कंपनीचा पार्किंग स्टिकर हा तर थेट पत्ताच. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. टायर त्यानंतरच बसवला असणार, म्हणजे गाडी त्याआधीपासून इथे उभी नाही. ‘आम्ही बांधकाम सुरू केलं तेव्हापासून आहे’ असल्या तोंडी आठवणी यावरून तपासता येतात.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. त्यात शून्य-एकाशी गोंधळ होऊ नये म्हणून इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. तो बऱ्याच गाड्यांत इंजिनामागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखालच्या गालिच्याखाली कोरलेला असतो. काहींत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेरूनच दिसतो. बाहेरून दिसला तर टिपा, नाहीतर पंचनाम्यापर्यंत थांबा. नुसत्या कुतूहलापायी बॉनेट उघडू नका.

गाडी हलत नाही याचा पुरावाही सोपा आहे. टायरवर आणि जमिनीवर खडूची एक सलग रेघ मारा, आणि हवा भरायचा व्हॉल्व घड्याळाच्या कितीच्या काट्यावर आहे ते टिपा. दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून फोटो घ्या. दोन महिन्यांत चार फोटो होतात आणि ‘मी तर अधूनमधून वापरतो’ या दाव्याचा निकाल तिथेच लागतो.

शेवटी स्वतःचे कागद: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि पार्किंगचा नकाशा. गाडीविरुद्ध बोलायचा अधिकार जागेच्या कागदातून येतो. भाडेकरूने स्वतः अर्ज करण्याऐवजी जागामालकाची सही घ्यावी.

पायरी २: मालक नक्की कोण

एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा परिवहन खात्याच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणी कुठल्या आरटीओची, तारीख, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधी संपला, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं येतं आणि पत्ता येत नाही. एमएच १२ असेल तर पुणे, एमएच १४ पिंपरी-चिंचवड, एमएच ०४ ठाणे, एमएच ३१ नागपूर: त्या आरटीओकडे जागेचे कागद आणि फोटो जोडून लेखी माहिती मागा. खासगी व्यक्तीला पत्ता द्यायला कार्यालयं कचरतात, आणि ते समजण्यासारखं आहे. नकार आला तरी तो लेखी घ्या. पुढच्या पायरीत पोलीस हीच माहिती काढतील, आणि तुम्ही प्रयत्न केला होता हे त्या नकारातून सिद्ध होईल.

गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर पाहता येतं. तिथे नोंद निघाली तर नोटीस वगैरे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. अशी गाडी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलीस जप्त करू शकतात. चोरीचा विमा दावा आधीच चुकता झाला असेल तर गाडीवर हक्क बहुधा विमा कंपनीचा असतो, आणि ती स्वतःहून गाडी न्यायला येऊ शकते.

आरसीवरचं नाव आणि प्रत्यक्ष गाडी टाकून गेलेला माणूस वेगळे निघणं हे इथलं नेहमीचं दुखणं. पहिल्या मालकाने गाडी विकली, पैसे घेतले, फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे फॉर्म) सह्या केल्या, पण ते आरटीओत कुणी दिलेच नाहीत. अशा वेळी पहिला मालक ‘माझा संबंध नाही’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत त्याचा संबंध आहे: अपघाताच्या भरपाईपुरतं बोलायचं तर नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. हे त्याला शांतपणे सांगा. गाडी त्याच्या नावावर आहे तोवर जोखीमही त्याच्याच नावावर आहे, हे लक्षात आलं की खरेदीदाराचा पत्ता सहसा लगेच सापडतो.

बोजा असेल तर बँकेला किंवा फायनान्स कंपनीला मालकाइतकंच महत्त्व द्या. थकीत कर्जाची गाडी त्यांना हवीच असते, ती कुठे आहे एवढंच माहीत नसतं. कर्जदात्याच्या वसुली विभागाला फोटोसह एक पत्र पाठवलं की कित्येकदा पुढची सगळी पायपीट वाचते. मात्र ‘आम्ही बँकेचे’ म्हणून टो व्हॅन घेऊन आलेल्याला अधिकारपत्र आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय, पोलीस ठाण्याला कळवल्याशिवाय गेट उघडू नका.

मालक वारला असेल तर वारसांनी फॉर्म ३१ वर गाडी आपल्या नावे करायची असते, त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. मुदत उलटून गेलेली असते हे उघडच आहे. तरीही बोलायचं वारसांशीच, आणि सगळ्या वारसांची संमती लेखी घ्यायची.

पायरी ३: नोटीस

नोटीस हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे, कारण पुढे पोलीस आणि न्यायाधीश दोघंही पहिला प्रश्न ‘मालकाला कळवलं का’ हाच विचारतात. मजकूर साधा असावा:

‘वाहन क्रमांक …, … कंपनीचे, … रंगाचे, हे … येथील आमच्या मालकीच्या खासगी जागेत दिनांक … पासून आमच्या परवानगीविना उभे आहे. सरकारी नोंदीनुसार आपण या वाहनाचे नोंदणीकृत मालक आहात. ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत आरसी व ओळखपत्र दाखवून वाहन घेऊन जावे. वाहन विकले असल्यास खरेदीदाराचे नाव, पत्ता व फॉर्म २९ ची प्रत द्यावी. मुदतीत वाहन न नेल्यास ते बेवारस मालमत्ता म्हणून … पोलीस ठाण्याच्या ताब्यात देण्यासाठी अर्ज केला जाईल, तसेच जागा मोकळी करून मिळण्यासाठी आपल्या खर्चाने न्यायालयात दाद मागितली जाईल. वाहन आजच्या स्थितीत जसेच्या तसे असून आम्ही त्याच्या कोणत्याही भागास हात लावलेला नाही. सोबत छायाचित्रे जोडली आहेत.’

‘अन्यथा गाडी भंगारात काढू’ किंवा ‘विकून भाडे वसूल करू’ असं वाक्य चुकूनही लिहू नका. जे करायचा अधिकार नाही ते करण्याची लेखी धमकी तुमच्याच सहीने तयार होते. तसंच, कुठलाही करार नसताना ‘दरमहा इतके भाडे’ असा आकडा टाकला की वाद गाडीवरून पैशावर जातो आणि मालक गाडी न्यायलाच येत नाही. पैशांचा हक्क राखून ठेवायचा असेल तर ‘नुकसानभरपाईचा हक्क अबाधित ठेवून’ एवढे शब्द पुरेत.

तीस दिवस हा कायद्याने ठरवलेला आकडा नाही, वाजवी मुदत म्हणून तो चालतो. सात दिवसांची नोटीस देऊन आठव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलात तर घाई तुमच्या अंगाशी येते.

नोटीस पोचीसह स्पीड पोस्टाने पाठवा: आरसीवरच्या पत्त्यावर, माहीत असलेल्या शेवटच्या पत्त्यावर, आणि बोजा असेल तर कर्जदात्याला. एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या पुढच्या काचेवर लावा आणि ती लावतानाचा, तारीख दिसेल असा फोटो घ्या. ‘पत्ता सोडून गेले’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लिफाफा परत आला तर तो फोडू नका. बंद लिफाफा हाच पुरावा आहे, फोडला की आत कुठला कागद होता हे कुणी मानत नाही.

पत्ता मिळालाच नाही किंवा लिफाफा परत आला, तर त्या भागात खपणाऱ्या एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नंबर, मॉडेल, रंग, ठिकाण आणि पंधरा दिवसांची मुदत एवढंच त्यात हवं. चेसिस नंबर पूर्ण छापू नका. तो बाहेर गेला की खोटा दावेदारही खरे तपशील सांगू शकतो. मागचे चार अंक राखून ठेवा आणि येणाऱ्यालाच ते विचारा.

पायरी ४: मालक तयार झाला तर

दाद मिळाली तर गाडी ज्याची आहे त्याच्या नावानेच संपवा. ‘तुम्हीच ठेवून घ्या, काय ते करा’ असं फोनवर मिळालेलं औदार्य कामाचं नाही.

मालक गाडी नेत असेल तर आरसी आणि ओळखपत्राची प्रत, ‘गाडी सुस्थितीत व सर्व वस्तूंसह मिळाली’ अशी सहीची पावती आणि उचलतानाचे फोटो एवढं घेऊन विषय संपवा.

गाडी भंगारातच जायची असेल तर ती नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रातच जाऊ द्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ही केंद्रं आली. मालकाचा अर्ज व्हीस्क्रॅप पोर्टलवरून होतो. मूळ आरसी, ओळखपत्र, पॅन, बँक तपशील आणि बोजा असल्यास तो फिटल्याचं पत्र लागतं. केंद्र गाडी चोरीच्या नोंदींशी ताडून पाहतं, मग मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि मोडणीनंतर मोडणी प्रमाणपत्र. चेसिस नंबरचा कापलेला तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो, अनधिकृत भंगार दुकानात नेमका हाच तुकडा बाजारात जातो. मालकाला गळ घालायला एक गाजरही आहे: ठेव प्रमाणपत्रावर नवीन गाडीची नोंदणी फी माफ होते आणि खासगी गाडीच्या करात केंद्रीय नियमांप्रमाणे कमाल २५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. किती द्यायची ते राज्य ठरवतं.

आरसी हरवली असेल तर आधी पोलिसांत हरवल्याची नोंद आणि फॉर्म २६ वर दुय्यम आरसी. मालक परगावी असेल तर तो स्वतःच्या सहीचं, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर लिहिलेलं अधिकारपत्र देऊ शकतो. पैसे मात्र त्याच्याच खात्यात जाऊ द्या. तुमच्या खात्यात आले की पुन्हा ‘विकली कुणी’ हा प्रश्न उभा राहतो. कायमची निकामी झालेली गाडी चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे, हेही त्याला आठवण करून द्या.

गाडी स्वतःच्या नावावर घ्यायचा मोह अनेकांना होतो. फॉर्म २९-३० वर ती होते खरी. पण पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरून आरटीओत तपासणीसाठी उभं करावं लागतं, त्यात थकलेला पर्यावरण कर आणि ई-चलनं. उभी राहून गंजलेल्या गाडीसाठी हा सौदा क्वचितच परवडतो.

पायरी ५: पोलीस ठाणे

मालक सापडला नाही किंवा गप्प बसला, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ८२ हे तुमचं मुख्य हत्यार. बेवारस मालमत्ता सापडली किंवा पोलिसांच्या स्वाधीन केली गेली तर ती तात्पुरती ताब्यात घेणं हे प्रत्येक पोलिसाचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. पुढे जाहीरनामा निघतो, हक्क सांगायला सहा महिने मिळतात, आणि कुणी आलं नाही तर मालमत्ता सरकारच्या हाती जाऊन तिचा लिलाव होऊ शकतो. इथे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ सारखी सार्वजनिक ठिकाणाची अट नाही. म्हणून अर्जात ‘बेवारस गाडी टो करा’ असं लिहू नका, ‘बेवारस मालमत्ता स्वाधीन करून घ्या’ असं लिहा. शब्दांच्या या फरकावर अर्ज पुढे सरकतो किंवा तिथेच बसतो.

अर्ज हद्दीतल्या ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे करा आणि चार गोष्टी क्रमाने मागा: गाडी कुठल्या गुन्ह्यात हवी आहे का ते तपासणं, जागेवर येऊन पंचनामा करणं, नोंदणीकृत मालकाला बोलावून घेणं, आणि तो न आल्यास कलम ८२ खाली ताबा. सोबत फोटोंची मालिका, नोटिशीची प्रत, परत आलेला बंद लिफाफा (मूळ दाखवा, द्यायची झेरॉक्स), वर्तमानपत्राचं कात्रण, जागेचे कागद. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. तोंडी ‘बघतो’ला फाईलमध्ये जागा नसते.

पोलीस गाडी घ्यायला नाखूश असतात आणि त्याचं खरं कारण जागा आहे. ठाण्याच्या आवारात आधीच मुद्देमालाच्या गाड्या गंजत पडलेल्या असतात. म्हणून मागणी टप्प्याटप्प्याने ठेवा. ताबा लगेच मिळाला नाही तरी पंचनामा आणि ‘गाडी कुठल्याही गुन्ह्यात हवी नाही’ असं पत्र मिळवा. न्यायालयात जायची वेळ आली तर या दोन कागदांनी निम्मं काम होतं. पंचनाम्यात चेसिस नंबर, किलोमीटर, आतल्या वस्तू, बॅटरी-स्टेपनी आहे की नाही, हे सगळं उतरवून घ्या.

एक खड्डा इथेच असतो. काही गाड्या अपघाताच्या किंवा इतर खटल्यात जप्त होऊन मालकाला न्यायालयाकडून सुपूर्दनाम्यावर (मागितली की हजर करीन या लेखी हमीवर) मिळालेल्या असतात. तशी गाडी खटला संपेपर्यंत मालकही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू किंवा मोडू शकत नाही. मालक खुशीने सही देतोय आणि आरसीही हातात आहे म्हणून गाडी मोडणीला पाठवली, आणि नंतर न्यायालयाने ती हजर करायला सांगितली, तर दोघंही अडकता. गुन्ह्यात हवी आहे का, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारायचा.

पोलिसांनी गाडी नेली तर ताब्याची पावती घ्या, त्यावर अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि तारीख हवी. लिलावात ती तुम्हालाच घ्यायची असेल तर बोली लावा. लिलावातल्या खरेदीची नोंद फॉर्म ३२ वर होते.

अर्ज पडून राहिला तर

महिन्याभरात हालचाल नसेल तर सहायक आयुक्त किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे स्मरणपत्र द्या. पाठोपाठ माहितीच्या अधिकारात ‘आवक क्रमांक … वर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा. दहा रुपये फी, १५० शब्दांच्या आत, एकच विषय, आणि उत्तराला ३० दिवस. या अर्जाने गाडी हलत नाही, फाईल हलते.

पावसाळ्यात आरोग्य विभागाकडेही तक्रार करा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला टायरात किंवा फुटक्या काचेतून साचलेलं बशीभर पाणी पुरतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. या तक्रारीने गाडी जाईलच असं नाही, नोटीस उलट जागामालक म्हणून तुम्हालाच येऊ शकते. पण तीही फाईलला लावा: गाडी तिथे राहणं धोक्याचं आहे, हे आता सरकारी कागदावर आलं.

त्यानंतर न्यायालय. दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करून पाहा. फी नाही, आणि तिथलं पत्र गेल्यावर कित्येक मालक पहिल्यांदा फोन करतात. ते जमलं नाही तर दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ३९ खाली गाडी हटवण्याचा आदेश मागता येतो. मालक बेपत्ता असेल तर समन्स वर्तमानपत्रातून बजावता येतं. वकिलांना दाव्यात दोन गोष्टी आठवणीने मागायला सांगा. एक, दावा चालू असताना गाडी विकायची परवानगी. नाश पावणाऱ्या किंवा अन्य सबळ कारणाने लगेच विकणं योग्य अशा जंगम वस्तूसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ६ मध्ये ती सोय आहे. दोन, आलेले पैसे न्यायालयात जमा करायची मुभा. पोलिसांना किंवा आरटीओला प्रतिवादी करायचं असेल तर त्याच संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी लागते, ती राहून गेली तर दावा अडतो.

काही जण करार कायदा १८७२ च्या कलम १६९ वर बोट ठेवतात. वस्तू सापडलेल्या माणसाला, मालक प्रयत्न करूनही मिळत नसेल आणि रास्त खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांश इतका झाला असेल, तर ती विकता येते असं ते म्हणतं. कागदावर हे आकर्षक आहे. पण अशा विक्रीनंतर आरटीओ मालकाच्या सहीशिवाय गाडी नावावर करत नाही आणि मोडणी केंद्र ती घेत नाही. घड्याळ-सायकलीला चालेल ते गाडीला चालत नाही.

सोसायटी, घरमालक, गॅरेज

सोसायटीत आधी हे ठरवा की गाडी बेवारस आहे की सभासदाची बंद पडलेली. सभासदाची असेल तर हा पोलिसांचा विषयच नाही. उपविधी, सर्वसाधारण सभेचा ठराव, पार्किंग शुल्काची थकबाकी, आणि वाद वाढला तर सहकारी न्यायालय (महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, कलम ९१). थकबाकी वसुलीला त्याच अधिनियमात २०१९ पासून कलम १५४ब-२९ आहे. बेवारस असेल तर कमिटीच्या बैठकीत ठराव करून एका पदाधिकाऱ्याला पत्रव्यवहाराचा अधिकार द्या, नाहीतर दरवर्षी नवी कमिटी शून्यापासून सुरुवात करते. पुनर्विकास ठरला असेल तर बिल्डर दारात यायच्या निदान वर्षभर आधी हे काम काढा.

भाडेकरू गाडी ठेवून गेला असेल तर करारावरचा कायमचा पत्ता आणि पोलीस पडताळणीचा अर्ज हीच पहिली नोटीस पाठवायची ठिकाणं. अनामत रक्कम आणि गाडी यांची परस्पर वळती करू नका.

गॅरेजवाल्याचं वेगळं: दुरुस्तीला आलेली गाडी ही सोपवलेली वस्तू आहे. बिल मिळेपर्यंत ती अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने आहे, विकायचा नाही. अडवलेल्या काळात तिची वाजवी काळजी घ्यायची जबाबदारीही त्याचीच.

उचलण्याचा दिवस

परवानगीचा कागद हातात आल्यावर घाई होते आणि नुकसान तेव्हाच होतं. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक ड्रमला चिकटलेले असतात आणि हँडब्रेक सुटत नाही. किल्ली नसेल तर स्टिअरिंग लॉक. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’मध्ये असेल तर चाकं फिरतच नाहीत. अशी गाडी हुकाने ओढली की टायर फाटतात आणि फरशी खरवडते. टो व्हॅनवाल्याला आधीच सांगा, म्हणजे तो चाकांखाली सरकवायच्या ट्रॉल्या आणेल. स्टिल्टमध्ये सपाट ट्रक आत येत नाही, गाडी ट्रॉल्यांवरून गेटपर्यंत आणावी लागते. त्या वाटेतल्या दुचाक्या आदल्या रात्री हलवून ठेवा.

बॉनेट उघडताना हातमोजे आणि काठी. उंदीर, गांधीलमाशा आणि साप यांना ही जागा फार आवडते. गाडी हलल्यावर खाली ऑइल सांडतं, वाळू किंवा लाकडाचा भुसा तयार ठेवा आणि पाण्याचा पाइप मारून ते गटारात घालवू नका.

उचलण्याआधी दोन साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करा, सह्या घ्या, ट्रकचा नंबर आणि चालकाचं नाव टिपा. महिन्याभराने पोर्टलवर गाडीचा नंबर पुन्हा टाकून बघा. मोडणीला गेलेल्या गाडीची नोंदणी ‘रद्द’ दिसायला हवी. अजून ‘चालू’ दिसत असेल तर मोडणी प्रमाणपत्राची प्रत जोडून मालकाकरवी आरटीओला पत्र द्या.